मगदूम अण्णा आणि पुजलेला सर्व्हर

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत कॉम्प्युटर सांभाळणारे मगदूम अण्णा आले की चहाच्या आधी लिनक्सच्या सर्व्हरसमोर बसायचे. आज सॉफ्टवेअरची कुठली पॅकेजेस नवी आली त्याची यादी काढायचे, ओळ न ओळ वाचायचे आणि मगच अपडेटला होकार द्यायचे. आम्ही ड्रॉइंगवाले हसलो की भडकायचे. "जगभरची माणसं चोर शिरायची भोकं शोधून, बुजवून फुकट पाठवायला लागल्यात. आणि तुम्हाला एक बटण दाबाय जड जातंय व्हय?"

"चालतंय की, कशाला हात लावायचा?" हे मालकांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की अण्णा त्यांनाही तोंडावर विचारायचे, "भट्टीचं अस्तर गळायच्या आधी बदलता न्हवं? मग हितंच का आळस?"

खंडेनवमीला आमच्याकडे लेथपासून सर्व्हरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं आणि पुजलेल्या अवजाराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. एका वर्षी नेमकं त्याच सकाळी एका मोठ्या भोकावरचं अपडेट आलं. अण्णा खुर्ची ओढून बसले, तोच मालक म्हणाले, "अण्णा, उठा. पूजा झालीया. सुट्ट्या संपल्यावर बघू."

"चोराला खंडेनवमी नसती, मालक."

मालकांनी त्यांना उठवलंच. नारळ हातात धरून मी शेजारीच उभा होतो.

दसरा झाला, सोमवारची सुट्टी झाली. मंगळवारी बघतो तर सगळी ड्रॉइंग्ज कुणीतरी कुलूपबंद केलेली आणि पडद्यावर खंडणीची मागणी. मालक सगळ्यांसमोर अण्णांवर गरजले, "अपडेट करायचं काम कुणाचं हुतं?"

"तुम्हीच उठवलंसा मला," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हे हुते की तिथं. विचारा."

माझ्या बढतीचा कागद मालकांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी म्हणालो, "मला काय आठवत न्हाय."

त्या लबाड मालकाचा मला आजही संताप येतो. पण लबाड तो एकटा नव्हता. अण्णांनी दोन दिवस बसून जपून ठेवलेल्या प्रतीवरून ड्रॉइंग्ज परत आणली आणि राजीनामा दिला. शिव्या खायच्या तयारीनं मी गेटपर्यंत त्यांच्या मागं गेलो. मला ओरडल्याशिवाय ज्यांचा एक दिवस गेला नव्हता, त्या अण्णांनी बसथांब्यावरच्या परक्या माणसाशी बोलावं तसं शांतपणे म्हटलं, "येतो, पावणं."