आमच्या पेठेच्या गॅलरीत

उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांच्या आधी उठतो तो मुलगा. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला त्याला दहा हाका माराव्या लागतात, पण फुटबॉलच्या सरावाला गजर वाजायच्या आत तो बुटांच्या नाड्या बांधत असतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोलकीपर आहे. राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. आमची झोप मोडू नये म्हणून तो गाडी फाटकापर्यंत ढकलत नेतो आणि मग सुरू करतो. मी जागाच असतो. अलीकडे झोप तशीही धड लागत नाही.

त्याचा दिवस मला पाठ आहे. सराव झाला की मित्रांबरोबर दूधकट्ट्यावर, समोर धार काढलेलं म्हशीचं दूध. मग घरी येऊन आंघोळ, कॉलेज, कायम अर्धं राहिलेलं जर्नल, कँटीनमध्ये एका प्लेटीवर चौघं. सुट्टी लागली की दुपारी फरशीवर पालथा पडून झोपतो, पंखा पाचवर. करवंदं आली की द्रोणच्या द्रोण एकटा संपवतो आणि रंगलेली जीभ आईला दाखवत फिरतो, या वयात. संध्याकाळी कॉकटेल आइस्क्रीम, आणि ते खातानाही फोनवर कुठल्या तरी परदेशी गोलकीपरच्या उड्या. "बघा पप्पा, कसा पडला तो! बघा की!" मी बघतो. हूं म्हणतो. घरात मी जास्त करून हूंच म्हणतो.

तर हा मुलगा आमच्या पेठेच्या तालमीकडून खेळत नाही. पलीकडच्या पेठेकडून खेळतो. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात, तालमी पेठांच्या असतात, आणि माणूस राहायला कुठंही गेला तरी त्याची पेठ बदलत नाही. माझे वडील आमच्या तालमीकडून खेळले, थोरला भाऊ खेळला. मुलाला कळायला लागल्यापासून तीच जर्सी हवी होती. ती त्याला मिळाली नाही, कारण मी मिळू दिली नाही. कितीतरी महिने हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळही नाही.

आमच्या तालमीत नव्या पोराला संघात घेण्याआधी घरच्या माणसाला विचारायची रीत आहे. घरचा होकार आला की सीझनच्या तोंडावर मारुतीपुढं नारळ फोडतात आणि जर्सी हातात देतात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अजून पेठेतच राहतो. तालमीचं बरंचसं तोच बघतो. गेल्या दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा त्यानं मला तालमीच्या पायरीवर नेऊन बसवलं. हातात चिवड्याची वाटी होती.

"पोरगं भारी हाय रं तुझं," तो म्हणाला. "कमिटीत सगळी म्हणत्यात, घ्या म्हणून. आता तू व्हय म्हण, की झालं."

मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिलो. "यंदा राहू दे, दादा."

"राहू दे म्हंजे?"

"दुसरं वर्ष आहे. अभ्यास असतो."

"अभ्यास! तू लई अभ्यास करून कुटं दिवं लावलंस?"

"म्हणूनच म्हणतोय."

दादा माझ्याकडं वळला. "त्येला इचारलंस?"

"विचारलंय," मी म्हणालो. विचारलं नव्हतं.

"मग मी त्येला काय सांगू? बाप नको म्हणतोय म्हणून?"

"तसं नको. जागा भरली म्हणून सांग."

"माझ्या तोंडानं?"

मी पुन्हा शेंगदाणे वेचू लागलो. दादानं माझ्या हातातली वाटी घेतली, उरलेला चिवडा तोंडात टाकला आणि उठला. एवढंच म्हणाला, "बरं."

आणि त्यानं ते खरंच केलं. तालमीनं बाहेरचा गोलकीपर आणला आणि माझ्या मुलाला दादानं आपल्या तोंडानं सांगितलं, जागा भरली. त्या दिवशी मुलगा घरी आला, बूट काढले, ते बाल्कनीत भिरकावले. "काकांना बाहेरचं पोरगं दिसलं, घरचं दिसलं नाही," म्हणाला. आई त्याची समजूत काढत होती. मी पेपर वाचत होतो. पान उलटलं नाही.

त्यानंतर तो काकाकडं जायचा बंद झाला. संक्रांतीला तिळगूळ द्यायलाही गेला नाही. कॉलेजातल्या एका मित्रानं त्याला पलीकडच्या पेठेत नेलं, तिथल्या लोकांनी दोन दिवस सराव बघितला आणि घेतलं. रस्त्यात दादा दिसला तर हा गाडी वळवायचा. दादा मला एकदाच बोलला, "वळून बघत न्हाय रं पोरगं." मी म्हणालो, होईल नीट. नीट करणं माझ्या एका वाक्यावर अडलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

दादाला मी अभ्यासाचं कारण दिलं. बायको एकदा म्हणाली, तुम्ही भाऊजींशी बोलत का नाही, तर तिला सांगितलं, सामन्याला स्टेडियमच्या गॅलरीत मारामाऱ्या होतात, आपल्या पोराला कशाला त्यात. दोन्ही खोटं नव्हतं. पण कारण ते नव्हतं. मी दोन सीझन आमच्या संघात होतो. पाठीवर नंबर होता. सगळे सामने मी बाकावर बसून काढले, मैदानात एकदाही उतरलो नाही. वडील प्रत्येक सामन्याला यायचे, पहिल्या अर्ध्या वेळात माझ्याकडं बघायचे, दुसऱ्यात बघायचे नाहीत. गेल्या वर्षी कॉलेजच्या सामन्यात मी मुलाला गोलमध्ये पाहिलं. उजवीकडं झेपावून त्यानं एक बॉल असा काढला की आजूबाजूची पोरं ओरडली. मला अभिमान वाटला. आणि अभिमानाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. आमची जर्सी त्याच्या अंगात, मैदानाच्या मधोमध, आणि अख्खी पेठ त्याच्या नावानं ओरडते आहे, हे मला बघवलं नसतं. पोटच्या पोराबद्दल हे लिहिताना लाज वाटते. पण आहे ते असंच आहे.

एप्रिलमध्ये त्याच्या संघाचा सामना आमच्या तालमीशी पडला. उन्हाचा तडाखा होता. घरी मी सांगितलं की पतसंस्थेत वर्षअखेरीची कामं राहिलीत, येता येणार नाही. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धी रजा टाकून स्टेडियमवर गेलो. कुठं बसायचं याचा विचारच केला नाही. पाय आपोआप आमच्या गॅलरीकडं गेले. दादानं बघितलं, सरकून जागा दिली.

सामना बरोबरीत सुटला आणि टायब्रेकरवर गेला. दोन्हीकडच्या किका बरोबरीनं जात राहिल्या. मग त्यांच्या एकानं बाहेर मारली आणि आमची शेवटची किक उरली. मुलगा गोललाइनवर उभा होता, गुडघे वाकवून, हात पसरून. लांबून तो अगदी माझ्या वडिलांसारखा दिसत होता. तो बरोबर बाजूला पडला. बॉल त्याच्या बोटांना लागला आणि तरी आत गेला.

आमची गॅलरी उठली. मीही उठलो. दोन्ही हात वर होते आणि माझ्या तोंडातून ती आरोळी निघाली, जी मी लहानपणापासून त्याच गॅलरीत मारत आलो. फटाके लागले. कुणीतरी गुलाल उधळला. मग मला खाली बघायचं सुचलं. मुलगा जाळीपाशी तोंड खाली करून पडलेला होता. आणि आमच्या अख्ख्या रांगेत एकटा दादा बसून होता, मांडीवर हात ठेवून.

"बस खाली," तो म्हणाला. "पोरगं हाय तुझं."

संध्याकाळी मुलगा मनगटाला बर्फ लावून फरशीवर बसला होता. मी आत आलो तर वर न बघता म्हणाला, "बरं झालं पप्पा, तुम्ही आला नाहीत. काका तर नाचले असतील."

मी हूं म्हणालो. जेवलो. आयुष्यात एवढी बेचव भाकरी मी खाल्ली नव्हती. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही. सकाळी तो सरावाला गेला, तसा मी रिक्षा करून दूधकट्ट्यावर जाऊन थांबलो. त्याचे मित्र होते. मला बघून ते दोन-दोन करत बाजूला झाले.

"पप्पा? तुम्ही इथं? आईला काय झालं काय?"

"काही नाही. दूध पी."

"एवढ्या सकाळी तुम्ही मला दूध पी म्हणून सांगायला आलाय?"

"काका नाचले नाहीत काल," मी म्हणालो. "काका बसून होते. उठलो तो मी."

त्याला कळायला वेळ लागला. "तुम्ही कामावर होता की."

"नव्हतो. आमच्या गॅलरीत होतो. बॉल आत गेला आणि मी ओरडलो."

त्यानं ग्लास कठड्यावर ठेवला. समोर दूधवाला म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला पुढं घेत होता. मला वाटलं आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणार नाही. म्हणून पायरीवरचं सगळं सांगितलं. दादानं विचारलं होतं, मी नको म्हणालो, जागा भरली हे वाक्य माझं होतं.

"अभ्यासासाठी?"

"दादाला तसं सांगितलं."

"मला काय सांगताय?"

मी बाकाचं सांगितलं. वडील बघायचं थांबवायचे, तेही. शेवटी म्हणालो, "तू आपल्या जर्सीत मैदानात उतरला असतास. मला ते सोसवलं नसतं."

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. चिडेल असं वाटलं होतं, चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "संक्रांतीला काकूनं माझ्यासाठी तिळगूळ पाठवला होता," तो म्हणाला. "मी डबा उघडला पण नाही. तसाच परत दिला. तुम्ही समोर बसला होता, पप्पा." मग मित्रांकडं गेला, गाडी काढली. मला घरी सोडतो म्हणाला नाही. मीही अपेक्षा केली नव्हती.

तिथून तो सरळ पेठेत गेला. दुपारी मला दादाचा फोन आला. मला वाटलं सुटल्यासारखं बोलेल, तर तो माझ्यावरच उखडला. "तुला कुणी सांगितलतं सांगायला? मी सोसलंच होतं की एवढं दीस!" मग आवाज खाली आला. "आलतं पोरगं. पाया पडलं. तुझ्या वैनीनं जेवायला घातलं. मी म्हटलं, पुढच्या सीझनला ये आपल्याकडं, नारळ मी फोडतो. तर न्हाय म्हणतंय."

"का?"

"म्हणतंय, मला कुणी इचारत नव्हतं तवा त्यांनी घेतलं. आता त्यांना सोडून आलो तर मी कसला गोलकीपर." मग दादा म्हणाला, "बरोबर बोललं रं. पर लई लागलं मला."

म्हणजे त्याचा काका त्याला परत मिळाला. जर्सी नाही मिळाली. ती आता मिळणार नाही, आणि त्यावर मला काही बोलायची सोय नाही. घरी तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. गाडीची किल्ली, पाण्याची मोटर, कुरिअर आलंय. आईला त्यानं काही सांगितलं नाही. मीच सांगितलं एका संध्याकाळी, भाजी निवडताना. ती मेथी निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "मला का नाही सांगितलंत, हे मी आता विचारत नाही. दमलेय मी."

मे महिन्यात त्याच्या संघाचा सीझनचा शेवटचा सामना होता, आमच्याशी नव्हे, तिसऱ्याच एका तालमीशी. मी दादाला विचारलं, येतोस का, आपण त्याच्या बाजूला बसू. "त्या गॅलरीत?" दादा म्हणाला. "मेलो तरी न्हाय. मी भाईर चहाच्या गाड्यावर थांबतो. काय झालं ते येऊन सांग."

मी एकटाच गेलो. पलीकडच्या पेठेच्या गॅलरीत मी जन्मात पाय ठेवला नव्हता. पायऱ्या चढतानाच एकानं ओळखलं. "पावणं, चुकला काय? तुमची गॅलरी तिकडं हाय."

"इथंच बसायचंय," मी म्हणालो. त्यानं खांदे उडवले.

दुपारचं ऊन सरळ तोंडावर होतं. पहिल्या अर्ध्यात मुलाच्या हातातून एक साधा बॉल सुटला आणि गोल झाला. माझ्या मागचा माणूस उठून ओरडला, "हाताला लोणी लावून आलंय व्हय रं हे! घालवा त्येला घरी!" आणखी दोघं-तिघं सुरू झाले. मी आमच्या गॅलरीतून असंच किती पोरांना बोललो असेन. कुणाची तरी ती पोरं होती. मी मागं वळलो.

"माझा मुलगा आहे," मी म्हणालो.

तो माणूस खाली बसला. जरा वेळानं त्यानं भुईमुगाच्या शेंगांची पुडी पुढं केली. "घ्या. चुकतंय कवा कवा. पोरगं चांगलं हाय." मी दोन शेंगा घेतल्या. दुसऱ्या अर्ध्यात मुलानं दोन बॉल काढले. सगळे ओरडले. मीही ओरडायचा प्रयत्न केला, पण त्या बाजूच्या आरोळीला माझा घसा सरावलेला नव्हता. नुसता उभा राहिलो. सामना हरले ते. बाहेर येऊन मी दादाला सगळं सांगितलं, त्यानं चहा पाजला, आणि आम्ही दोघं आपापल्या वाटेनं गेलो.

मुलगा उशिरा आला. मी बाहेरच्या खोलीत होतो. तो माझ्या समोरून स्वयंपाकघरात गेला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणाला, "त्या बाजूला दुपारी लई ऊन असतं. त्यांना सांग, टोपी घालून बसत जा म्हणावं."