लेक गांजाच्या बाजूने बोलली तेव्हा

माझी लेक चौदा वर्षांची असताना गांजाच्या बाजूने बोलायला उभी राहिली, तीही सिंगापुरात. हे चारचौघांत सांगायचं धाडस यायला मला बरीच वर्षं लागली.

कॅनडात गांजा तेव्हा नुकताच कायदेशीर झाला होता. बिशानमधल्या तिच्या शाळेत वादविवाद संघाची निवड होती. शिक्षिकेने चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वाट्याला आलं: सज्ञान माणसाला गांजाची परवानगी द्यावी आणि त्यावर सरकारने नियंत्रण ठेवावं. बाजू अनुकूल! पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी ही पोरगी आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी स्वतःहून नाव देऊन आली होती. हे एक भाषण चांगलं झालं तरच संघात जागा मिळणार होती.

इकडे आमचा पीआरचा, म्हणजे सिंगापुरात कायमचं राहू देण्याचा, अर्ज तिसऱ्यांदा गेलेला. आधी दोनदा नाकारलेला. रॅफल्स प्लेसच्या बँकेत माझा हुद्दा बरा होता, पण एम्प्लॉयमेंट पासवरचा, नोकरीपुरता राहू दिलेला माणूस शिंकतानासुद्धा नियम बघून शिंकतो. ज्या देशात उतरायच्या आधी भरायच्या कार्डावरच लाल अक्षरांत अमली पदार्थांच्या तस्करांना फाशीची ताकीद छापलेली, तिथे माझं आडनाव लावणाऱ्या पोरीने माईकवरून गांजाची वकिली करायची? माझं डोकंच फिरलं. मी शिक्षिकेला लांबलचक ईमेल पाठवली, की कृपया बाजू बदलून द्यावी. दुपारी त्यांचा फोन आला. बाई शांतपणे म्हणाल्या, बाजू बदलता येत नाही. नाव मागे घेता येईल, पण मग यंदा संघात नाही. मी म्हटलं, चालेल.

पोरीला न विचारता! संध्याकाळी जेवताना सांगितलं, तर ती ओरडली नाही की आदळआपट केली नाही. "इट्स ओन्ली अ डिबेट लाह, बाबा," एवढंच सिंगापुरी हेलात म्हणाली आणि ताटाकडे बघत बसली. डोळे भरले होते.

माझे वडील, अण्णा, तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. दारूबंदी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. स्वतः थेंबाला शिवले नाहीत, पण इतरांचे पिण्याचे परवाने तपासण्यात हयात गेली. वरणभात कालवता कालवता म्हणाले, "कोणाला विचारून कळवलंस रे?"

"अण्णा, तुम्हाला इथलं माहीत नाही."

"इथलं नसेल माहीत. परवाना माहितेय. आणि तू कुठला एवढा सोवळा लागून गेलास? तुझा आजन्म परवाना मीच काढून दिलाय. प्रकृती जपण्यासाठी मद्य आवश्यक!"

बायको फिस्सकन हसली. पोरीने मान वर केली. "व्हॉट परमिट?"

झालं! महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, हे तिच्या गावीही नव्हतं. आपला बाप औषध म्हणून बिअर पितो हे ऐकून ती अशी काही हसली, की पाणी नाकात गेलं. मग बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, "उद्या फोन कर. आणि नीट बोल." दुसऱ्या दिवशी मी बाईंची माफी मागितली, नाव परत घालून घेतलं.

त्यानंतर आठवडाभर घरात दारूबंदी खातंच भरलं. आजोबा मराठीत विचारायचे, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, बायको मधे अर्थ सांगायची. वय किती? दुकान शाळेपासून किती लांब? तपासणीला कोण जाणार? एकदा तिनेच उलट विचारलं, "आजोबा, इन्स्पेक्टर लाच घेतात का?" अण्णांनी घाईघाईने चहा मागितला.

निवडीच्या दिवशी आम्ही चौथ्या रांगेत बसलो होतो. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात विरुद्ध बाजूच्या मुलीने विचारलं, "सरकारी शिक्का मारला की वाईट गोष्ट चांगली होते का?" माझी पोर हातातले कागद चाळू लागली. एक क्षण, दोन क्षण. बोल गं बाई, बोल, एवढंच मनात चाललं होतं. पीआरचा अर्ज कुठल्या कुठे गेला होता.

मग ती म्हणाली, "नाही होत. माझे आजोबा आयुष्यभर शिक्के तपासत आले, तेही म्हणतात नाही होत. पण शिक्का असला, की जाब विचारायला कोणाच्या दाराशी जायचं ते कळतं." सभागृहात हशा आणि टाळ्या. अण्णांना इंग्रजी नीटसं कळलं नव्हतं, तरी त्यांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. फेरी हिची बाजू हरली, पण हिला संघात घेतलं. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं!

परतताना एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, अण्णांना आणि बायकोला बसायला जागा मिळाली, आम्ही बापलेक उभे. तिने विचारलं, "बाबा, ऑनेस्टली, व्हॉट डू यू थिंक?"

उत्तर द्यायच्या आधी मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. शेजारी एक आजी पेंगत होत्या, बाकीचे फोनमध्ये. मी पाहिलेलं तिने पाहिलं. मला फार लाज वाटली. ती मात्र चिडली नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरायचो तसा तिने माझा धरला, आणि एरवी माझ्याशी कायम इंग्रजीत बोलणारी ती पोर हळूच म्हणाली, "मराठीत सांग ना बाबा. इथे कोणालाच कळणार नाही."

मी सांगितलं.