लूरचा डबा आणि दहाव्याचा कावळा

माझ्या बायकोच्या दहाव्याला कावळा फार लवकर शिवला. नदीकाठच्या पार्कात गुरुजींनी पिंडाचं पान ठेवून हात मागे घेतला, तेवढ्यात कावळा पान विस्कटून भात खायलाही लागला होता. गुरुजी आठवडाभर आयटीत असतात आणि शनिवार-रविवार पूजा सांगतात. त्यांना पुढे स्कोफिल्ड्सला वास्तुशांतीला जायचं होतं, त्यामुळे ते समाधानी दिसले. 'भाग्यवान आहात, त्यांची काहीच इच्छा मागे उरली नव्हती,' म्हणाले. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

मला मात्र ते लागलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. शिवाय हा सिडनीचा कावळा, पिकनिकला आलेल्यांच्या हातातले चिप्स पळवणारा. त्याची साक्ष काय धरायची? पण एकतीस वर्षांच्या संसारानंतर माझ्याबद्दल तिची एकही इच्छा उरू नये? मी मोजे जागेवर ठेवावेत, एवढीसुद्धा? हे कोणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून बोललो नाही.

ती मासे धरायची. आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम आणि शनिवारी नेपियन नदीच्या काठी. मासा एकच, बॅस, आणि तोही धरून परत सोडायचा. तिच्यासोबत टूनगॅबीचा एक इलेक्ट्रिशियन असे. मूळचा कोल्हापूरचा, इथे शिकायला आला आणि राहिला. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मी दाजी. मी विद्यापीठाच्या लायब्ररीतून निवृत्त झालेला माणूस. घडीची खुर्ची आणि पुस्तक घेऊन मी मागे बसायचो.

बॅसला ती लूर लावायची, म्हणजे नकली आमिष. कोणती लूर लावायची ते पाण्यावर ठरतं. तिच्या डब्याच्या कप्प्यांवर तिनं मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'निवळ' पाण्यासाठी लहान, जवळजवळ पारदर्शक लूर, कारण तिथे मासा नीट पारखून घेतो. झाडांची पानं कुजून पाणी तांबूस झालं की तो 'कोरा चहा', त्याला सोनेरी. पावसानंतर नदी गढूळ झाली की 'दुधाचा चहा', त्याला मोठी काळी, जिच्यावर पत्र्याचं पातं गरगरतं ती. तिथे माशाला दिसत नाही, पाण्याची थरथर तेवढी जाणवते. हे सगळं ती मला सांगायची आणि मी 'हं' म्हणून पान उलटायचो.

"एकदा तरी आपणहून विचार रे, आज पाणी कसं आहे," ती म्हणायची.

एवढं पान संपलं की विचारतो, असं माझं उत्तर असे. पुस्तकांना पानं फार असतात.

इथल्या हिवाळ्यातली बॅस धरण्यावरची बंदी सप्टेंबरात उठली आणि इलेक्ट्रिशियनचा फोन आला. ताईचा डबा घ्या आणि चला. मी रीतसर परवाना काढला आणि गेलो. पहिल्या दिवशी मी रूप बघून एक जांभळी, चमचमती लूर निवडली. त्या लूरनं आधी एक झाड धरलं, मग माझीच खुर्ची. मासा नाही. इलेक्ट्रिशियन अर्धवट थट्टेत म्हणाला, कावळा शिवत नसला की आपण काहीतरी कबूल करतो, तसं ताईला कबूल करून बघा. आसपास एक म्हातारं जोडपं कुत्रा फिरवत होतं. ते पुढे गेल्यावर मी हळू आवाजात मोजे कबूल केले. काही नाही. मग त्यानं गॅरेज अडवून बसलेली माझी पुस्तकं काढून टाकायचं सुचवलं. मी निम्म्यावर तयार झालो. तरीही काही नाही.

आणि मला बरं वाटू लागलं. मासा शिवत नाही, म्हणजे काहीतरी राहिलेलं आहे.

पुढचे दोन शनिवार मी फार विचार करून चुकीची लूर लावली. चूक पक्की व्हावी म्हणून बरोबर काय ते आधी शिकावं लागलं. तिच्या चिठ्ठ्या मी परीक्षेसारख्या पाठ केल्या. कोऱ्या चहाला पारदर्शक, निवळ पाण्याला काळी. चौथ्या शनिवारच्या आधी दोन दिवस पाऊस झाला होता आणि नदी पूर्ण गढूळ होती. मी पारदर्शक लूर बांधू लागलो. इलेक्ट्रिशियननं आपला रॉड खाली ठेवला.

"दाजी, तुम्हाला मासा नकोच आहे."

मग कावळ्याचं मला काय लागलं होतं ते मी त्याला सांगितलं. तो माझ्या खुर्चीवर बसला.

"त्याच पार्कात एका कावळ्यानं माझा अख्खा सॉसेज रोल नेला होता," तो म्हणाला. "माझ्या पण सगळ्या इच्छा संपल्या म्हणायच्या काय?"

मी लूरची गाठ ओढत राहिलो.

"आणि ताईला जे पाहिजे होतं ते ती तुम्हालाच सांगायची की. दर शनिवारी. मी इथंच उभा असायचो. कावळ्याला कशाला सांगंल?"

मी पारदर्शक लूर सोडवली. नदी आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर होती, तरीही मी विचारलं, "आज पाणी कसं आहे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे.

"दुधाचा चहा, दाजी."

त्या कप्प्यातली काळी लूर मी बांधली. पडलेल्या झाडाच्या बुंध्याजवळ ती पाचव्यांदा पडली तेव्हा हाताला हिसका बसला आणि मी वाचनालयात कधी काढला नसता असा आवाज काढला. धरण्याआधी हात ओले करावेत हे मला आठवलं. म्हणजे कुठल्यातरी दोन पानांच्या मधल्या जागेत मी तिचं ते ऐकलं होतं. बॅस माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरला. पाण्यात धरून सोडला, तर क्षणभर तिथेच थांबला आणि मग गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

इलेक्ट्रिशियननं विचारलं, या वेळी काय कबूल केलंत? मी म्हणालो, काहीच नाही. त्याला ते पटलं नाही.

घरी येऊन ओले मोजे मी जागेवर ठेवले. गॅरेजमधली पुस्तकं मात्र अजून तिथेच आहेत. ती काढायला त्यानं सांगितलं होतं, तिनं नाही.