शिवाची पांढरी रास

धरमतरच्या मिठागरात पाय सोलून घेणाऱ्या पोपटला धाकट्या शिवाचं सुख बघवत नसे. शिवा जहाजावर नोकरीला लागला, स्कॉटलंडला पोचला आणि भर थंडीत एकटाच बर्फाचा डोंगर चढला. माथ्यावरून त्यानं फोटो धाडला. पोपटनं जळफळत तो आईपुढं धरला.

आईनं जन्मात बर्फाचा डोंगर पाहिला नव्हता. ती हळहळली, "अरे देवा, तिकडं जाऊन पण मिठातच राबतोय?"

पोपटला मनातून गुदगुल्या झाल्या. "व्हय गो आये, मीठच हाय ते."

आई फोटोवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "एवढी मोठी रास एकट्यानं रचली माझ्या शिवानं! तुला कधी जमली काय रे?"