डब्याची सोबत

आमच्या कार्यालयात आठवड्याचे तीन दिवस हजेरी आणि दोन दिवस घरून काम, असा नियम झाला, तेव्हा त्याच्या बाजूने सर्वांत आग्रहाने बोललो तो मी. माणसे समोरासमोर बसली की काम सुधारते, असे मी बैठकीत म्हणालो. पत्नी जाऊन वर्ष झाले होते आणि जयलक्ष्मीपुरम भागातल्या घरात दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नसे, हे मात्र म्हणालो नाही.

माझ्या हाताखाली हुणसूरहून बसने येणारी एक मुलगी होती. वडील शिंपी, घरी मराठी. बैठकीत ती मला 'सर' म्हणे आणि डबा उघडला की 'काका'. पत्नीमागे माझ्या कानी पडणारी मराठी तेवढीच उरली होती. माझ्या आईच्या बोलण्यासारखी, अर्धी कन्नड मिसळलेली.

तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. तीन महिने घरूनच काम करू द्यावे, असा अर्ज तिने केला. ती सवलत देणे माझ्या अधिकारात होते.

"काका, माझं काम कुठं मागं पडलंय काय?"

"नाही."

"मग?"

"नियम सगळ्यांना सारखा हवा."

"शेजारची अज्जी किती दिवस बघणार बाबांना? तुम्हीच हेळी, सांगा की."

मी पेन उचलले. 'संघभावनेच्या दृष्टीने नामंजूर,' असे अर्जावर लिहिले. पाच आठवडे ती येत राहिली. डबाही पूर्वीसारखाच माझ्यापुढे सरकवत असे. मग तिने राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी, तिने दिलेली तांदळाची रोट्टी हातात तशीच धरून मी म्हणालो, "नियमाचं काही नव्हतं. मला एकट्याला जेवावं लागलं असतं."

तिने डब्याचे झाकण लावले, पुन्हा काढले.

"मग तसं सांगायचं की हो, काका. अर्ज मंजूर करून सांगायचं. रविवारी जेवायलाच बोलावलं असतं तुम्हाला. बाबांनापण बोलायला कोण आहे?"

ती साडेचारच्या बसने गेली.

आता आमच्याकडे हजेरीचे दिवस ज्याचे तो निवडतो. तो अधिकार मी माझ्याकडे ठेवला नाही. बुधवारी मजल्यावर बहुधा मी एकटाच असतो. बोलावले असते, असे ती म्हणाली होती. नंतर बोलावले नाही. मीही वाट पाहण्याचा हक्क स्वतःला दिलेला नाही. तरी रविवारी स्वयंपाक उशिराच करतो.