जाऊबाईंचा उजवा मुंढा

दिग्रसच्या घरी पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. बायकांच्या अंगाची मापं वहीपेक्षा माझ्या बोटांना जास्त पाठ असतात. म्हणून थोरल्या जाऊबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, "उजवा मुंढा सैल ठेव," तेव्हा मी मशीन थांबवली. मुंढा म्हणजे बाही जोडतो तो काखेचा गोल. तो एकाच बाजूचा सैल कशाला लागतो?

"डाव्याले नाही का?"

"तुले सांगतलं तेवढं कर."

तेव्हापासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवलं. आधी वाटलं, काखेत घरच्यांपासून काहीतरी लपवून ठेवत असतील. मग दिसलं, वाळत घातलेलं लुगडं काढतानाही त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. एका दुपारी ब्लाउज घालून पाहायला आल्या, तेव्हा टेप काखेखालून मुद्दाम हळू ओढली. बोटांना मऊ, लिंबाएवढा फुगवटा लागला.

"हे काय हाय, जाऊबाई?"

"चरबी हाय." त्यांनी हात अंगाशी घट्ट आवळला. "आन् तू कोणाले सांगशीन तर याद राख."

माझ्या माहेरची एक काकू अशीच 'चरबी हाय' म्हणत म्हणत कॅन्सरने गेली होती. मला त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवता येईना. दोन दिवसांनी मी अस्तराचं कापड आणायच्या निमित्ताने त्यांना यवतमाळच्या एसटीत बसवलं.

"अस्तर दिग्रसमदी भेटत नाही काय?" दारव्हा मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

"तो रंग नाही भेटत."

"कोणता रंग?"

मी पिशवीत तिकिटं शोधू लागले. त्या खिडकीकडे वळल्या. दवाखान्याची पाटी पाहून म्हणाल्या, "मले वाटलंच होतं." पण परत फिरल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या, मग म्हणाल्या, "हात कमरेवर ठेवून जोरात दाबा." छातीचा स्नायू ताठ झाला, तसा त्यांनी फुगवटा बोटांनी इकडेतिकडे हलवून पाहिला. नंतर हसल्या.

"हे काहून हसून राह्यली?" जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

"बाळंतपणात इथे दुखायचं? ओलं व्हायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

जाऊबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"पोरगी झाली तवा," त्या म्हणाल्या, "काख सुजली. दुधावानी काही पाझरे. सासू म्हणे, कोणीतरी करणी केली, बाहेर बोलू नको. मी फडकं बांधून ठेवत होती. वीस वर्सं झाली."

त्याच घरात मी पंधरा वर्षं राहत होते. मला काहीच माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. मागे बरगड्या, त्यांवर छातीचा स्नायू, त्याच्यावर स्तन. "समोर दिसतो तेवढाच स्तन नसतो. त्याची एक शेपटी काखेकडे जाते. काही बायकांच्या काखेत जन्मापासूनच असा जास्तीचा तुकडा असतो. पाळीच्या आधी, गरोदरपणात तोही फुगतो. करणीबिरणी काही नाही. तरी सोनोग्राफी करू, सुईने नमुनाही घेऊ."

"काही नाही, तर सुई कायले?" जाऊबाईंचा संशय पुन्हा उभा राहिला. खरं सांगायचं तर माझाही.

आठवड्याने रिपोर्ट आला. वाईट काही नव्हतं. जाऊबाईंनी तो आधी माझ्याकडून, मग औषधाच्या दुकानदाराकडून, मग शाळेतल्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेतला. तिघांनी एकच सांगितलं, तेव्हा कागद पेटीत गेला. एसटीतल्या खोटेपणाचा राग धरून मात्र त्या पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

यंदा त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली. सातव्या महिन्यात तिने एकदा काख चोळली आणि जाऊबाईंनी ते पाहिलं. पेटीतला तो रिपोर्ट काढला, तिला आत नेऊन दार लावलं. मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. थोड्या वेळाने दार बोटभर उघडलं, आणि मी ऐकत तर नाही ना, हे पाहून पुन्हा बंद झालं.