पंचविसाव्या शिमग्याच्या पापण्या

विठूदादा रिक्षा चालवतो, पावसाच्या आधी लोकांची कौलारू घरं शाकारून देतो आणि शिमग्यात गवळण व्हायचा. एवढं सांगितलं की माझ्या पार्लरमधल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. मीही हसले होते, आणि नुसतं हसून थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते.

आमचं गाव रत्नागिरीपासून रिक्षाने अर्ध्या तासावर. नाव लिहीत नाही, नमन मंडळाचे आप्पा रागावतील. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे देवळाबाहेरच्या चौथऱ्यावर, येऊन बसते आणि संध्याकाळी नमन, म्हणजे गाण्या-नाचाचा आमचा खेळ, होतं. नमनात बाजाराला निघालेल्या गवळणी असतात आणि त्यांची वाट अडवणारा कृष्ण असतो. पूर्वी या गवळणी पुरुषच व्हायचे. विठूदादा त्यातला शेवटचा, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात देखणा. दिवसभर खाकी शर्टातला, दाढीचे खुंट वाढलेला हा माणूस लुगडं नेसून नजर वर उचलायचा ना, की पुढं बसलेल्या बायका आपापले पदर सारखे करायच्या.

माझं दुकान रत्नागिरीत नाचणे रोडला. पुढं कटलरी, पडद्यामागं पार्लर. अकरा वर्षांपूर्वी तो दुकानात आला आणि म्हणाला, "पापण्यांचे दोन जोड दे गो."

"वहिनीला?"

"मला."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी मोठ्यानं हसले. माझी जीभ आधी चालते, डोकं मागून येतं. तो काही रागावला नाही. खिशातून पत्र्याची एक डबी काढली आणि माझ्यापुढं उघडून ठेवली. आत त्यानं स्वतः केलेल्या पापण्या होत्या. जुन्या गंगावनाचे केस घेऊन ते दोऱ्यावर एकेक गाठ मारून बसवलेले. वर्षानुवर्षं त्याच लावायचा. म्हणाला, "आता नजर कमी झाली, गाठी बसत न्हायत. म्हणून विकतच्या."

मी एक जोड काढून दिला. "एकच पुरे. दोन कशाला?"

"एकानं मागच्या रांगेत काय दिसायचं? थर चढवायला लागतात."

आणि मग माझ्याच आरशासमोर, माझ्याच स्टुलावर बसून त्यानं मला दाखवलं. विकतची पट्टी तशीच लावायची नाही, तिचे तीन तुकडे करायचे, म्हणजे पापणीच्या वळणावर नीट बसतात. आधी आखूड केसांचे तुकडे, अगदी मुळाशी. मग दुसरी ओळ, पहिलीवर अर्धी चढवून. तिसरी फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, लांब केसांची. "कौलं लावतात तसं," तो म्हणाला. "पागोळीकडून सुरू करायचं नि आढ्याकडं चढत जायचं. खालची ओळ आधी. वरून सुरू केलंस तर पाणी आत. घाम म्हणजे पाऊसच." डिंक लावला की लगेच चिकटवायचं नाही. गवळणीचं एक कडवं म्हणेपर्यंत थांबायचं. तो खरंच म्हणायचा, डोळे मिटून, गिऱ्हाइकांसमोर.

एवढ्या वर्षांत मी पापण्या लावायच्या ऑर्डरी किती घेतल्या त्याला गणती नाही. नवऱ्या मुली, डोहाळजेवणं, कॉलेजची गॅदरिंग. "नम्रताताईंच्या पापण्या भरगच्च दिसतात आणि हळदीपासून वरातीपर्यंत हलत नाहीत," असं रत्नागिरीत झालं. कुठं शिकलात विचारलं की मी सांगायचे, "दादरला कोर्स केला." दादरला मी माल आणायला जाते, दुसरं काही नाही. पण रिक्षावाल्याकडं शिकले म्हणून सांगायला जिवावर यायचं. एकदा थाप मारली की तिला सांभाळत बसावं लागतं. मी सांभाळली.

विठूदादाच्या गवळणीमागं नवस होता. त्याची मुलगी राही चार वर्षांची असताना तापानं आठ दिवस निपचित पडली होती. हा ग्रामदेवीपुढं उभा राहिला आणि बोलला, पोर उठू दे, पंचवीस शिमगे तुझ्यापुढं गवळण होऊन नाचेन. पोर उठली. आता दापोलीला शेतकी विद्यापीठात नोकरीला आहे. आणि हा चोवीस वर्षं नाचला. कोरोनाच्या वर्षी पालखी देवळाबाहेर निघाली नाही, तर देवळाच्या पायरीवर एकटा नाचून आला. एकही शिमगा चुकवला नाही.

मागच्या वर्षी, चोविसाव्या खेपेला, घोटाळा झाला. त्याला आता जवळचा चष्मा लागला होता. चष्मा काढल्याशिवाय पापणी लावता येत नाही, आणि चष्मा काढला की दिसत नाही. तशीच अंदाजानं लावली. ऐन गाण्यात डाव्या डोळ्याची पट्टी सुटून गालावर लोंबायला लागली. पोरांनी मोबाईलवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्यात सगळीकडं फिरवलं.

यंदा माघात आप्पा माझ्या दुकानात आले. आप्पा मंडळाचे अध्यक्ष, एसटीतून निवृत्त झालेले. माणूस सरळ आहे. म्हणाले, "या वर्षी पोरांनी ठरवलंय, गवळणी सहाही मुलीच घ्यायच्या. रंगभूषा तुझी. पत्रिकेवर नाव टाकतो." मी खूश. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "विठूचा एकच शिमगा उरलाय गो. मला ते डोक्यातून जात नाही. तू सांग. तू पापण्या लावल्यास तर त्याच्या डोळ्यांवर धरतील का? तू हो म्हण, पोरांना मी गप्प करतो. पाच मुली आणि सहावा विठू."

धरणार होत्या. मला शंभर टक्के माहीत होतं. मी म्हटलं, "नाही हो आप्पा. पन्नाशीच्या पुरुषाची पापणी सैल पडते. डिंक धरत नाही. परत हसं होईल त्याचं."

असं का बोललीस म्हणून कोणी मला विचारलं नाही, तरी सांगते. त्या सहा मुली मला दादरवाल्या ताई म्हणत होत्या. विठूदादा त्यांच्यात बसला असता तर पाच मिनिटांत म्हणाला असता, खालची ओळ आधी गो, मी दाखवलं ना तुला. एवढीच भीती. एवढ्याशा भीतीपायी मी एका माणसाच्या चोवीस वर्षांच्या नवसावर पाणी ओतलं, वर त्याच्या काळजीचा आव आणला. आप्पांनी मान हलवली. "तू म्हणतेस तर खरंच असेल," म्हणाले आणि गेले.

मंडळानं विठूदादाला मावशीचा पार्ट देऊ केला. मावशी म्हणजे नमनातलं हसवणारं सोंग. त्यानं हात जोडले. म्हणाला, "देवीला हसवायचा नवस न्हवता केला."

पालखीच्या दिवशी सकाळी नऊला त्याची रिक्षा माझ्या दुकानासमोर उभी राहिली. मी सामानाची बॅग भरत होते. त्यानं पत्र्याची डबी पुढं ठेवली. "लावून दे गो. मला दिसत न्हाय."

"पण मंडळानं..."

"मंडळाचं संध्याकाळी. मी दुपारी सहाणेवर पालखीपुढं नाचून घेतो. एक गवळण. लुगडी पोरींना दिली, तर शर्टावर नाचतो. डोळे तेवढे गवळणीचे पायजेत."

स्टुलावर बसला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून तोंड वर केलं. दाढी गुळगुळीत केली होती. दाढीच्या साबणाचा वास येत होता. माझ्या बोटांखाली त्याची पापणी होती. थोडी सैल होती, खरं आहे. पण तुकडा ठेवला आणि लगेच बसला. दुसरी ओळ बसली. तो ओठातल्या ओठात कडवं म्हणत होता, डिंक सुकेपर्यंत.

"विठूदादा, आप्पा आले होते तेव्हा मी..."

"बोलू नको. हात हलतो तुझा."

मी तिसरी ओळ लावायला घेतली. गप्प बसायला सांगितलं याचं बरंच वाटलं, हे आणखी वाईट.

त्याच्याच रिक्षातून आम्ही गावाला गेलो. वाटेत एका म्हातारीनं हात केला, आत वाकून त्याच्याकडं बघितलं आणि पुढची रिक्षा बघते म्हणाली. तो हसला.

दुपारी बाराला सहाणेवर ऊन नुसतं भाजत होतं. ओटी भरायला आलेल्या बायकांची रांग होती, ढोलवाले सावलीला बसले होते. विठूदादानं चपला काढल्या, पालखीला नमस्कार केला आणि खाकी शर्ट-पँटवर गवळण सुरू केली. पहिल्यांदा पोरं खिदळली. मग एका ढोलवाल्यानं उठून ठेका धरला. पदर नव्हता तरी त्यानं पदर सावरला, घडा नव्हता तरी कमरेवर घेतला. नजर वर उचलली आणि खिदळणं थांबलं. घाम कपाळावरून पापण्यांवर येत होता आणि बाहेरच्या कोपऱ्याकडून खाली जात होता. एक केस हलला नाही.

नाच संपला. आप्पा गर्दीतून पुढं आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी जवळून डोळ्यांकडं बघत राहिले. "कोणी लावल्या रे?"

"नम्रतानं," विठूदादा म्हणाला. आनंदानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिच्यासारखा हात रत्नागिरीत न्हाय."

आप्पा माझ्याकडं वळले. "तू तर म्हणालीस धरत नाहीत. म्हणून तर त्याला काढला आम्ही."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते किती खरं असतं ते मला तेव्हा कळलं. विठूदादानं माझ्याकडं बघितलं, मीच लावलेल्या त्या पापण्यांखालून. त्याला कळायला फार वेळ लागला नाही. मग आप्पांना म्हणाला, "धरल्या की पण. पंचवीस झाले, आप्पा." आणि चपला घालून निघून गेला.

संध्याकाळी शाळेच्या खोलीत मी मुलींचे चेहरे करायला बसले. मृणाली म्हणून पहिली मुलगी, तिची पट्टी दोनदा तिरकी बसली. खोलीतला दिवा मिणमिणता. तेवढ्यात मागून उजेड पडला. विठूदादा मोबाईलची बॅटरी धरून उभा होता. पापण्या त्यानं काढल्या होत्या, डोळ्यांच्या कडा लाल दिसत होत्या.

मी वर बघितलं नाही. तो हळूच, मला एकटीला ऐकू येईल एवढंच बोलला, "खालची ओळ आधी."

सहा मुली, बारा डोळे. सगळ्यांना तो बॅटरी धरून होता. हात दुखला की हात बदलायचा. शेवटची मुलगी आरशात बघून म्हणाली, "काय मस्त दिसतंय! ताई, किती दिवसांचा असतो हो तो दादरचा कोर्स?"

तेव्हा सांगायचं होतं. तो तिथंच उभा होता, दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी ब्रश पुसत राहिले.

"चांगला असतो दादरचा कोर्स," विठूदादा तिला म्हणाला. "ताईनं मन लावून केलाय." मग बॅटरी बंद केली आणि पुढं जाऊन लोकांत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर पत्र्याची डबी होती. आत पापण्या, साबणानं धुतलेल्या, तुकडे ओळीनं लावून ठेवलेले. चिठ्ठी वगैरे नाही. रस्त्यात भेटतो तेव्हा "काय गो, बरी ना?" असं पूर्वीसारखंच विचारतो. पापण्या घ्यायला आता येत नाही, नवस संपला त्याचा. मी दोनदा माफी मागायला म्हणून त्याच्या रिक्षात बसले आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून उतरले.

आता मात्र पार्लरमध्ये कोणी विचारलं की खरं सांगते. नाचणे रोडच्या स्टँडवर विठू म्हणून रिक्षावाला आहे, त्याच्याकडं शिकले. नवरीबरोबर आलेल्या बायका हसतात. "ताई, काहीही सांगता तुम्ही," म्हणतात, आणि नवरी डोळे मिटून विचारते, "खरं सांगा ना, दादरला ना?"